दारूच्या पहिल्याच घोटात लालबुंद होणारा चेहरा: कारणं, तपासण्या आणि लाली दाबायच्या गोळ्या

रेणुसूत्र

पहिला ग्लास अर्धाही संपलेला नसतो आणि एखाद्याचा चेहरा लालबुंद होतो. कानाच्या पाळ्या तापतात, डोळे लाल होतात, लाली मानेवरून छातीपर्यंत उतरते, धडधडायला लागतं. शेजारी बसलेले म्हणतात, "याला लगेच चढते." नाहीतर, "दारू उष्ण पडते याला." दोन्ही चूक. चढते ती इथेनॉलमुळे, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलमुळे, आणि तो मेंदूवरचा परिणाम. ही अशी झटपट लाली मात्र इथेनॉलपासून शरीरातच तयार होणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइडमुळे येते. या दोघांची गल्लत झाली की पुढचं सगळंच चुकतं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

यकृतात दारूचा निचरा दोन पायऱ्यांनी होतो. पहिल्या पायरीवर अल्कोहोल डिहायड्रोजिनेज, म्हणजे एडीएच, हे एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) इथेनॉलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. दुसऱ्या पायरीवर अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज त्याचं अ‍ॅसिटेट करतं. व्हिनेगरमधल्या आम्लाचंच ते रूप, जवळजवळ निरुपद्रवी, आणि पुढे त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन जातं. दुसऱ्या पायरीचं बहुतेक काम मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, बसलेलं एएलडीएच२ नावाचं एन्झाइम करतं. ते धडधाकट असेल तर अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार झाल्या झाल्या संपतं, रक्तात त्याचा मागमूस जेमतेम सापडतो.

ज्यांच्यात हे एन्झाइम अधू असतं त्यांच्यात पहिली पायरी चालू राहते आणि दुसरी तुंबते. साचलेलं अ‍ॅसिटाल्डिहाइड मास्ट पेशींना (अ‍ॅलर्जीतही भडकणाऱ्या पेशींना) डिवचतं, त्या हिस्टामिन हे रसायन सोडतात, त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात. चेहऱ्यावर या वाहिन्या दाट आणि अगदी वरवर असल्यामुळे लाली तिथे आधी दिसते. रक्तवाहिन्या सैलावल्या की हृदय वेग वाढवतं. मळमळ, डोकं ठणकणं, नाक चोंदणं हे सगळं त्याच साखळीतलं. काहींना दम्यासारखी धापही लागते.

हा दोष जन्मजात आहे. बाराव्या गुणसूत्रावरच्या एएलडीएच२ जनुकात एका ठिकाणी जी या अक्षराच्या जागी ए आलेलं असतं. जनुकशास्त्रात या जागेचा क्रमांक आरएस६७१. चीन, जपान, कोरिया, तैवान इथल्या लोकांत हे फार आढळतं, पूर्व आशियात ढोबळमानाने तिघांत एकाला. जगभरात मिळून पन्नास कोटींच्या वर माणसं. पीटर वुल्फ यांनी १९७२ मध्ये 'सायन्स'मध्ये वेगवेगळ्या वंशांच्या लोकांमधल्या या लालीच्या फरकाकडे लक्ष वेधलं. पुढे १९७९ मध्ये गोएड्डे, हाराडा आणि अग्रवाल यांनी त्याचं बोट अल्डिहाइड डिहायड्रोजिनेजकडे वळवलं.

दक्षिण आशियात आरएस६७१ क्वचित सापडतो. त्यामुळे हा धागा वाचणाऱ्या कोणाचा चेहरा लाल होत असेल तर 'मला तो चिनी-जपानी जीन आहे' असं लगेच ठरवू नये. दुसरी कारणंही तपासावी लागतील. जाणकारांनी भर घालावी.

पेशीपट

रेणुसूत्र, उत्तम मांडणी. एका जागी बहुतेकांचा हिशोब चुकतो, तेवढं जोडतो.

आई-वडिलांपैकी एकाकडून चांगली प्रत आणि दुसऱ्याकडून अधू प्रत आली, तर एन्झाइमची ताकद निम्मी राहील असं वाटतं. तसं होत नाही. एएलडीएच२ चार तुकड्यांची चौकडी करून काम करतं. पेशी तुकडे निवडून जोडत नाही, हाताला येईल तो लावते. निम्मे तुकडे चांगले आणि निम्मे अधू असतील तर चारही चांगले असलेली चौकडी सोळांत एक पडते, म्हणजे सव्वासहा टक्के. उरलेल्या पंधरांत किमान एक अधू तुकडा असतोच, आणि तो शेजाऱ्यालाही नीट काम करू देत नाही. शिवाय अशा चौकड्या लवकर मोडीत निघतात. मिश्र चौकड्या थोडंफार काम करतात, त्यामुळे प्रत्यक्ष ताकद सव्वासहा टक्क्यांपेक्षा जास्त भरते, पण निम्म्याच्या खालीच राहते. दोन्ही प्रती अधू असतील तर ताकद जवळजवळ शून्य.

प्रथिनात घडतं ते असं: ५०४ व्या जागी ग्लुटामेट हे अमिनो आम्ल असायला हवं, तिथे लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं. जुन्या लेखांत हीच जागा ४८७ म्हणून दिसेल. मायटोकॉन्ड्रियात शिरताना सुरुवातीचा १७ घटकांचा तुकडा छाटला जातो आणि जुनी मोजणी छाटल्यानंतरची आहे. ग्लुटामेटवर ऋण प्रभार असतो. तो जवळच्या दोन आर्जिनिनना धरून ठेवतो, एक आपल्याच तुकड्यातलं आणि दुसरं शेजारच्या तुकड्यातलं. लायसिनवर धन प्रभार असल्यामुळे ही पकड सुटते, आणि एन्झाइमचा जोडीदार एनएडी ज्या खाचेत बसतो ती खाचच ढिली पडते. एका जागची वीट बदलली आणि शेजारच्या भिंतीला तडा गेला, असा प्रकार. अल्डा-१ नावाचा लहानसा रेणू या खाचेला आधार देऊन अधू एन्झाइमची ताकद काही अंशी परत आणतो, हे २००८ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं. प्रयोगशाळेबाहेर वापरता येईल असं औषध म्हणून मात्र अजून काही हाती नाही.

उंबरठा

मी वाचलं होतं की पहिलं एन्झाइम फार वेगवान असेल तरी चेहरा लाल होतो. मग दोष कुठल्या पायरीचा धरायचा?

पेशीपट

उंबरठा, दोन्ही खरं आहे, पण वजन सारखं नाही. एडीएच१बी जनुकाचा एक वेगवान प्रकार आहे, त्यात ४८ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन असतं. तो पूर्व आशियात खूप आणि पश्चिम आशियातही बऱ्यापैकी आढळतो. त्याने अ‍ॅसिटाल्डिहाइड भराभर तयार होतं. पुढचं एएलडीएच२ ठणठणीत असेल तर ते बहुतेक सगळं उचलतं, फार तर हलकी लाली येते. नळ मोठा असला तरी मोरी मोकळी असेल तर पाणी तुंबत नाही. मोरीच तुंबलेली आणि वर नळही मोठा, तेव्हा सगळ्यात जोरदार त्रास होतो.

निळीशाई

त्वचा सावळी किंवा काळी असेल तर लाली दिसतच नाही. अशा माणसाला 'तुला काही होत नाही' म्हणून पुढचा ग्लास दिला जातो. मग ओळखायचं कसं?

रेणुसूत्र

महत्त्वाचा मुद्दा, निळीशाई. गडद त्वचेवर रंगापेक्षा इतर खुणा बघाव्यात. खालची पापणी हलकेच ओढून डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या शिरा बघा, त्या तांबारलेल्या असतात. कानाची पाळी बोटांत धरली तर गरम लागते. तळहात आणि नखांखालचा भाग नेहमीपेक्षा लालसर होतो. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे नाडी. प्यायच्या आधी शांत बसून पूर्ण एक मिनिट नाडी मोजून लिहून ठेवायची, पहिल्या घोटानंतर १५ आणि ३० मिनिटांनी बसल्या जागीच पुन्हा मोजायची. चालून आल्यावर किंवा नाचून आल्यावर मोजलेले ठोके धरायचे नाहीत. थोड्याशा दारूवर ठोके मिनिटाला वीस-पंचवीसने वाढले आणि जोडीला चेहऱ्यावर गरम वाफा आल्या, तर लाली दिसो न दिसो, प्रकार तोच आहे.

गोळीपत्रक

जन्मजात दोष नसलेल्या माणसालाही हाच त्रास औषधांमुळे आणि रसायनांमुळे होतो. आधी कधी लाल न होणारा माणूस एकाएकी होऊ लागला, तर गेल्या दोन आठवड्यांत कोणती गोळी, मलम किंवा रसायन नव्याने आलं ही यादी पहिल्यांदा करावी.

डायसल्फिराम तर यासाठीच देतात. दारू सोडू पाहणाऱ्याला ही गोळी साधारण २५० मिलिग्रॅम रोज दिली जाते. ती अल्डिहाइड डिहायड्रोजिनेजला कायमचं निकामी करते, आणि शरीराने नवीन एन्झाइम घडवेपर्यंत परिणाम टिकतो. म्हणून शेवटच्या दारूनंतर किमान १२ तास गेल्याशिवाय गोळी सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत दारू वर्ज्य. इथे हमखास होणारी चूक म्हणजे फक्त ग्लासातली दारू मोजणे. अल्कोहोल असलेला माउथवॉश, खोकल्याचं औषध, टिंक्चर, दाढीनंतरचं लोशन यांनीही प्रतिक्रिया येऊ शकते. ही नुसती लाली नसते. रक्तदाब कोसळू शकतो, हृदयाची लय बिघडू शकते. कुणाच्या नकळत ही गोळी जेवणात मिसळून देणं तर जिवावर बेतू शकतं. ते कधीही करू नये.

डायसल्फिरामच्या गुणाचा सुगावा रबर उद्योगात आधी लागला होता. रबर पक्कं करताना लागणाऱ्या थायुराम गटातल्या रसायनांत काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, हे १९३७ मध्ये एका अमेरिकन कारखान्याच्या डॉक्टरने नोंदवलं. डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन यांनी १९४८ मध्ये त्याचा उपचार म्हणून विचार मांडला.

याच गटातलं थायरम आजही बियाण्याला चोळायचं बुरशीनाशक म्हणून वापरात आहे. बीजप्रक्रिया केलेल्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारू टाळावी. हातमोजे आणि मास्क न वापरता काम केलं असेल तर जास्तच. धातूवरचं ग्रीस काढायच्या ट्रायक्लोरोइथिलीनवर काम करणाऱ्यांच्याही चेहऱ्यावर, मानेवर आणि पाठीवर दारूनंतर लाल चट्टे उठतात. कृत्रिम चामड्याच्या कारखान्यांतलं डायमिथाइलफॉर्मामाइडही तेच करतं. अशी लाली दिसली तर ते रसायन अंगात शिरत असल्याची ती खूण आहे. कामाच्या जागची हवा खेळती आहे का आणि हातमोजे त्या रसायनाला टिकणारे आहेत का, हे लगेच बघायला हवं.

प्रतिजैविकांपैकी सेफोपेराझोन आणि सेफोटेटान यांची दारूशी प्रतिक्रिया चांगली नोंदलेली आहे. टिनिडाझोलच्या शेवटच्या गोळीनंतर ७२ तास थांबावं. मेट्रोनिडाझोलबद्दल मात्र मतभेद आहेत. २००२ च्या एका छोट्या नियंत्रित चाचणीत त्याने रक्तातलं अ‍ॅसिटाल्डिहाइड वाढलं नाही. तरी वेष्टनावरची सूचना कायम आहे, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन-तीन दिवस थांबण्यात कुणाचं काही जात नाही. बुरशीवरचं ग्रिसिओफुल्विन यादीत धरा. त्वचेचं टॅक्रोलिमस मलम बरेच जण विसरतात. ते चेहऱ्यावर लावणाऱ्यांपैकी काहींना दारूच्या थोड्याशाच घोटांनंतर चेहऱ्यावर लाली आणि जळजळ होते आणि थोड्या वेळात ओसरते. तिथे यकृताचा संबंध नसतो.

एका रानटी छत्रीचाही, म्हणजे अळिंबीचाही, उल्लेख हवा. शाईछत्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोप्रिनॉप्सिस अ‍ॅट्रामेन्टारियात कोप्रिन नावाचं द्रव्य असतं. छत्री खाऊन दोन-तीन दिवसांनी घेतलेल्या दारूनेही लाली, धडधड आणि उलट्या होऊ शकतात, आणि तेवढ्या दिवसांनी छत्रीची आठवण कुणाला होत नाही.

उंबरठा

मग यावर उपाय म्हणून अ‍ॅसिडिटीची गोळी आधी घेतात, ते कितपत ठीक? फॅमोटिडिन घेतलं की लाली येत नाही असं सर्रास सांगितलं जातं.

गोळीपत्रक

लाली कमी होते हे खरं, आणि घोळ नेमका तिथेच आहे. फॅमोटिडिन हिस्टामिनचा एच२ ग्राही, म्हणजे पेशीवरची हिस्टामिन पकडणारी एक जागा, अडवतं. पोटात त्यामुळे आम्ल कमी होतं, त्वचेच्या रक्तवाहिन्यांत फुलणं कमी होतं. सोबत सर्दीची अँटिहिस्टामिन गोळी घेतली तर एच१ ग्राहीही अडतो आणि चेहरा जवळजवळ साधा दिसतो. पण या दोन्ही गोळ्या साखळीच्या शेवटच्या कडीवर काम करतात. अ‍ॅसिटाल्डिहाइड तितकंच तयार होतं, तितकंच साचतं, आणि पेशींवर त्याचं काम चालूच राहतं.

पुढचा परिणाम वागण्यावर. लाली, धडधड आणि मळमळ यांमुळे जो माणूस एका ग्लासावर थांबला असता, तो गोळी घेऊन तीन ग्लास पितो. म्हणजे चेहरा स्वच्छ आणि आत आधीच्या तिप्पट माल. शिवाय सिमेटिडिनसारखी काही एच२ औषधं जठरातल्या एडीएचला थोडं रोखतात, त्यामुळे रक्तात पोचणारी दारू किंचित वाढूही शकते. अँटिहिस्टामिनची गुंगी आणि दारूची गुंगी एकमेकींत मिसळते, ते वेगळंच. अ‍ॅसिडिटीसाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी जरूर घ्यावी, पण लाली झाकायला घेऊ नये, इतकं स्पष्ट सांगतो.

लाली जाईल म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुटाथायोन, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन वगैरेंच्या पुड्या रक्तातलं अ‍ॅसिटाल्डिहाइड भरवशाने खाली आणतात असा पुरावा नाही. एल-सिस्टीनच्या चघळायच्या गोळ्या लाळेतलं अ‍ॅसिटाल्डिहाइड बांधतात हे दाखवलेलं आहे, पण तेवढ्यापुरतंच. चेहऱ्याला लावायचं ब्रिमोनिडिन जेल वाहिन्या आखडतं, तेही वरवरचं. भरल्या पोटी प्यायल्याने दारू हळू शोषली जाते, त्यामुळे लाली उशिरा आणि कमी येते. मधे पाणी प्यायल्याने पिण्याचा वेग कमी होतो, पण एन्झाइम काही दुरुस्त होत नाही.

दुर्बीण

वरच्या प्रतिसादातला 'आत माल साचतो' हा भाग सगळ्यांनी गांभीर्याने घ्यावा. अ‍ॅसिटाल्डिहाइड डीएनएला चिकटते आणि त्याच्या दोन पट्ट्यांना एकमेकींत अडकवून टाकते. दारूसोबत शरीरात तयार होणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड हे माणसात कर्करोग घडवणारे आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये पहिल्या गटात नोंदवले. दारू स्वतः त्या गटात १९८८ पासून आहे.

एक अधू प्रत असलेल्या आणि तरीही नियमित पिणाऱ्या माणसाला अन्ननलिकेच्या स्क्वॅमस (अस्तरातल्या चपट्या) पेशींच्या कर्करोगाचा धोका, तितकीच पिणाऱ्या पण एन्झाइम ठीक असलेल्या माणसापेक्षा कैक पट असतो. दोन्ही प्रती अधू असलेल्यांना त्रासच इतका होतो की ते सहसा पीत नाहीत, म्हणून त्यांच्यात हा कर्करोग कमी दिसतो. खरा धोक्यात असतो तो मधला माणूस, ज्याला लाली येते पण सोसवते.

अन्ननलिकाच का, याचेही कारण आहे. तोंडातले जिवाणू इथेनॉलचे अ‍ॅसिटाल्डिहाइड जागच्या जागी बनवतात आणि लाळेबरोबर ते गिळले जाते. एएलडीएच२ अधू असलेल्यांच्या लाळेत दारूनंतर त्याचे प्रमाण इतरांपेक्षा दोन-तीन पट सापडते. सिगारेटच्या धुरातही तेच अ‍ॅसिटाल्डिहाइड असते. दारू आणि सिगारेट एकत्र म्हणजे अन्ननलिकेच्या अस्तरावर दोन्हीकडून मारा. दात-हिरड्या स्वच्छ ठेवणे इथे नुसते सल्ल्यापुरते नाही.

'आता सवय झाली, पूर्वीसारखा लाल होत नाही' हे वाक्य ऐकले की मला काळजी वाटते. एक प्रत अधू असलेल्यांची लाली काही वर्षांच्या पिण्याने मंदावते, एन्झाइम मात्र होते तितकेच अधू राहते. जपानमधल्या मद्यव्यसनींमध्ये अशा एक प्रत अधू असलेल्यांचे प्रमाण १९७९ मध्ये २.५ टक्के होते, १९९२ मध्ये ते १३ टक्के निघाले. जनुके तेरा वर्षांत बदलत नाहीत. बदलली ती पिण्याची रीत आणि सोबतच्यांचा आग्रह.

तपासणीबद्दल: लाल होणारा माणूस अनेक वर्षे पीत असेल तर अन्ननलिकेच्या दुर्बिणीच्या तपासणीआधी (एंडोस्कोपीआधी) डॉक्टरांना ही गोष्ट आपणहून सांगावी. साध्या पांढऱ्या प्रकाशात सुरुवातीचा बदल नजरेतून निसटतो. तिथे लुगॉलचे आयोडीन फवारतात. निरोगी पेशींत ग्लायकोजेन असल्याने त्या गडद तपकिरी होतात, बिघडलेल्या पेशींचा डाग फिका राहतो आणि काही मिनिटांत गुलाबी पडतो. आयोडीनची अ‍ॅलर्जी किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर आधी सांगावे, तेव्हा विशिष्ट निळ्या-हिरव्या प्रकाशातली तपासणी करता येते. रक्ताच्या साध्या तपासणीतला एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचे सरासरी आकारमान, पिणाऱ्या माणसात वाढलेला असेल तर तोही दुर्लक्षू नये. घास अडकणे, गिळताना दुखणे, कारण नसताना वजन उतरणे यांत वाट पाहण्यासारखे काही नाही.

निळीशाई

जनुकाची चाचणी न करता घरच्या घरी अंदाज येतो का?

पेशीपट

येतो. सगळ्यात सोपे म्हणजे दोन प्रश्न, जपानमध्ये तयार झालेले. एक: साधारण १८० मिली बिअर प्यायल्यावर लगेच तुमचा चेहरा लाल होतो का? दोन: पिणं सुरू केल्यापासून पहिल्या एक-दोन वर्षांत असं होत होतं का? कुठल्याही एकाला हो म्हटलं तर एन्झाइम अधू धरायचं. दुसरा प्रश्न गाळू नका, दुर्बीण यांनी सांगितलेली सवय झालेली माणसं त्यातूनच सापडतात. जपानी पुरुषांत या दोन प्रश्नांनी दहापैकी सुमारे नऊ जण अचूक ओळखले गेले. जिथे हा जनुकदोष मुळात क्वचित आहे, तिथे 'हो' या उत्तराचं वजन तेवढं राहत नाही.

दुसरी चाचणी, त्वचेवरची पट्टी. ७० टक्के इथेनॉलचे दोन-तीन थेंब, म्हणजे सुमारे ०.१ मिली, दीड सेंटिमीटर चौकोनी कापडी पट्टीवर टाकायचे. ती दंडाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने ७ मिनिटं बसवायची. काढल्यावर लगेच एकदा बघायचं आणि मग १० मिनिटांनी. पट्टीच्या आकाराची ठळक लाली उमटली तर चाचणी होकारार्थी.

चुका कुठे होतात: बऱ्याच सॅनिटायझरमध्ये इथेनॉल नसून आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. त्याचं शरीरात अ‍ॅसिटोन होतं, अ‍ॅसिटाल्डिहाइड नाही, त्यामुळे चाचणी खोटी नकारार्थी येते. लेबल वाचा. सुगंधी सॅनिटायझर किंवा रंगीत स्पिरिटही नको, त्यातल्या इतर घटकांनी कातडी चुरचुरते. पट्टी सैल बसली तर इथेनॉल उडून जातं. चिकटपट्टीच्या डिंकाने किंवा ओढून काढल्यानेही लाल होतं, म्हणून शेजारी साध्या पाण्याची तशीच पट्टी लावून दोन्हींची तुलना करा. आदल्या दिवशी घेतलेली अँटिहिस्टामिन निकाल बिघडवू शकते. वय वाढलं की चाचणीचा भरवसा कमी होतो.

जनुक चाचणीचा कच्चा तक्ता हाताशी असेल तर आरएस६७१ समोर बघा. जीजी म्हणजे ठीक, एजी म्हणजे एक प्रत अधू, एए म्हणजे दोन्ही.

त्वचामित्र

रेणुसूत्र यांनी सुरुवातीलाच म्हटलं की दुसरी कारणं बघा, त्याबद्दल.

इथेनॉल सगळ्यांच्याच त्वचेच्या वाहिन्या थोड्या फुलवतं. दोन-तीन ग्लासांनंतर आलेली सौम्य ऊब आणि गुलाबीपणा यात काही बिघाड नाही. ती ऊब फसवी असते, कारण त्वचेतून उष्णता बाहेर जाऊन आतलं तापमान उलट उतरतं.

रोझेशिया हा त्वचेचा आजार वेगळा. त्यात नाक, गाल आणि हनुवटी न पिताही लालसर असतात, बारीक शिरा दिसतात, मुरमांसारखे फोड येतात पण काळे ठिपके नसतात. ऊन, गरम पेय, तिखट, ताण आणि दारू यांनी तो भडकतो. लाली तासन्‌तास टिकते आणि सहसा चेहऱ्यापुरतीच राहते. जनुकातल्या दोषाची लाली पिण्याबरोबर येते, दारू उतरली की पूर्ण जाते, आणि जोडीला धडधड असते.

फक्त रेड वाइननेच त्रास आणि स्वच्छ स्पिरिटने काहीच नाही, असं असेल तर एएलडीएच२ वर संशय घेऊ नका. इथेनॉल सगळीकडे तेच आहे. तिथे पेयातलं हिस्टामिन, सल्फाइट किंवा इतर घटक कारण असू शकतात. सल्फाइटने दम्याच्या रुग्णाला धाप लागू शकते.

अंगावर गांधी उठणं, खाज, ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं ही अ‍ॅलर्जी आहे, आणि श्वास लागला तर रुग्णालय गाठायचं. लालीबरोबर वारंवार पातळ जुलाब आणि छातीत घरघर असेल, विशेषतः न पिताही असे झटके येत असतील, तर कार्सिनॉइड गाठीसाठी (संप्रेरकांसारखी द्रव्यं सोडणाऱ्या गाठीसाठी) २४ तासांच्या लघवीतलं ५-एचआयएए हे द्रव्य तपासतात. मास्ट पेशींच्या आजारासाठी रक्तातलं ट्रिप्टेज हे एन्झाइम. दोन्ही दुर्मीळ, पण पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली लाली तपासल्याशिवाय सोडू नये.

उंबरठा

मात्रा 'ग्लास' आणि 'पेग'मध्ये सांगितली की डॉक्टरांनाही नीट कळत नाही. ग्रॅममध्ये कशी काढायची?

रेणुसूत्र

मिली गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७८९. शेवटचा आकडा इथेनॉलची घनता. ३३० मिली, ५ टक्के बिअर: १३ ग्रॅम. १५० मिली, १२ टक्के वाइन: सव्वाचौदा ग्रॅमच्या आत. ४० टक्क्यांचं ३० मिली स्पिरिट: साडेनऊ ग्रॅम. पेशीपट यांच्या प्रश्नातली १८० मिली बिअर ५ टक्क्यांची धरली तर जेमतेम ७ ग्रॅम. निरोगी यकृत तासाला साधारण तेवढंच उरकतं. एवढ्याशा मात्रेला चेहरा लाल होणं हीच ओळखीची खूण आहे. लाली किती ग्रॅमला आणि किती मिनिटांत आली हे लिहून नेलं तर डॉक्टरांचं काम सोपं होतं.

गोळीपत्रक

एक गोष्ट राहिली होती. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात त्या नायट्रोग्लिसरिनमधून नायट्रिक ऑक्साइड मोकळं करण्याचं काम याच एएलडीएच२ चं, हे २००२ मध्ये कळलं. एन्झाइम अधू असेल तर त्या गोळीचा उतार कमी पडू शकतो. म्हणून हृदयरोगाचा उपचार घेणाऱ्या आणि दारूने लाल होणाऱ्या माणसाने, आता पिणं सोडलेलं असलं तरी, ही गोष्ट हृदयरोगतज्ज्ञांना सांगावी. गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

निळीशाई

आणि समोर कोणी लालबुंद होऊन धडधडतंय म्हणाला तर त्या क्षणी काय करायचं?

दुर्बीण

ग्लास बाजूला ठेवायचा, उरलेलाही संपवायचा नाही. माणसाला मोकळ्या हवेत टेकून बसवावे. चक्कर येत असेल तर आडवे करून पाय थोडे वर घ्यावेत. मळमळत असेल किंवा गुंगी असेल तर पाठीवर झोपवू नये, कुशीवर वळवावे. पाणी घोट-घोट द्यावे. ओढून उलटी काढायला लावू नये. लाली आणि धडधड सहसा एक-दोन तासांत उतरते, तोवर गाडी चालवू देऊ नये आणि एकटे सोडू नये. कोणतीही गोळी देण्याआधी तो डायसल्फिराम किंवा दुसरे काही औषध घेतो का ते विचारावे, खिशातली पाकिटे बघावीत. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, ओठ सुजणे, श्वासाला त्रास किंवा न थांबणाऱ्या उलट्या यांपैकी काहीही असेल तर रुग्णवाहिका बोलवावी, आणि काय, किती मिली, किती वाजता प्यायला हे कागदावर लिहून त्याच्यासोबत द्यावे.